बिरूभाऊ दाराबाहेर थांबायचे

सकाळी साडेसातला बिरूभाऊंच्या बायकोचा, हौसाक्कांचा फोन आला. त्या कधी फोन करत नाहीत, त्यामुळे नाव बघूनच मी हातातलं काम टाकून उचलला. "बाई, आमचं मालक गेलं," एवढंच म्हणाल्या. छातीत कळ आली, पाणी मागितलं, पाणी आणेपर्यंत संपलं होतं. मी सांगलीच्या विश्रामबागेतून निघून त्यांच्या घरी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता, आणि त्यातल्या निम्म्या चपला दोऱ्यांनी, तारांनी सांधलेल्या होत्या. बिरूभाऊंची माणसं माझ्या आधी येऊन पोचली होती. चपला काढूनही आत कुणी जात नव्हतं. सगळी दाराबाहेर उभी होती… त्यांनीच लावलेली सवय ती.

बिरूभाऊ एसटीत कंडक्टर. मी आष्ट्याच्या शाळेत शिक्षिका. सांगली-सातारा गाडीने वीसेक वर्षं रोज गेले, त्यातली बरीच वर्षं तिकीट त्यांच्या हातचं. मला जागा धरून ठेवायचे आणि वर चिडवायचे, "बाई, आज पोरांनी धडा पाठ केला न्हाई तर मला सांगा, साताऱ्याला नेऊन सोडतो." साताऱ्याला मुक्कामी गाडी असली की पहाटे स्टँडवर झोपलेली माणसं त्यांना दिसत. तीच माणसं, त्याच खांबाला टेकलेली, वर्षानुवर्षं. एकदा मला म्हणाले, "आमी जतकडचं धनगर. ल्हानपणी आमचं बिऱ्हाड रोज उठायचं. पर आमी उघड्यावर न्हवतो बाई. मेंढरं, कुत्री, आई, चूल… जागा बदलायची, घर त्येच ऱ्हायाचं. ह्येंचं उलटं हाय. जागा तीच, पर घर न्हाई."

निवृत्त झाल्यावर लोक शेती बघतात, नाहीतर देवळाच्या पारावर बसतात. हा माणूस सांगली-साताऱ्याच्या स्टँडांवर जाऊन बसायला लागला. एकेकाशी ओळख काढायची, कागदपत्रं करून द्यायची आणि मग सांगलीभर फिरून त्याच्यासाठी खोली शोधायची. घरमालक नकार देत, कधी कधी फार वाईट बोलत. बिरूभाऊ ऐकून घेत आणि पुढच्या दाराशी जात. खोली मिळाली की त्यांचं खरं काम सुरू होई. "खोली मिळवणं एका दिसाचं काम," म्हणायचे, "माणूस तिच्यात टिकवणं लय अवघड." त्यासाठी दर आठवड्याला प्रत्येकाकडे चक्कर. दार सताड उघडं असलं तरी चौकटीवर टकटक करायची, "हाय का कोण?" विचारायचं आणि आतून "या" आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि दुसरं म्हणजे, खोलीच्या सगळ्या किल्ल्या राहणाऱ्याच्या हातात. घरमालकाकडे एकही नाही. यावर ते अडूनच बसत. "फुटपाथवर कुणीबी येतं, काठीनं उठीवतं. त्येला ठावं पायजे, हितं त्याच्याबिगर कुणी येऊ शकत न्हाई."

माझ्या घरामागे एक खोली रिकामी होती. त्यांनी मागितली आणि मी दिली. खरं सांगायचं तर मला त्यात थोडं मिरवायचंही होतं. तिथे अनुसया आली. मेढ्याच्या वरच्या अंगाची, पंचावन्नच्या आसपासची, सातारा स्टँडवर बरीच वर्षं काढलेली. येताना तीन गाठोडी घेऊन आली होती आणि ती तिने कुणाला हात लावू दिली नाहीत. पहिला महिना खोलीबाहेरच्या कट्ट्यावर झोपली. मग उंबऱ्यात. मग आत, पण दार उघडं टाकून. मी अस्वस्थ होऊन तक्रार केली, तर बिरूभाऊ म्हणाले, "तुमी काय बोलू नका. तिचं तिला कळंल." एका खानावळीत भांडी घासायला ती जायला लागली. आणि आठव्या महिन्यात एका संध्याकाळी मागून कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. सहज म्हणून फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी बिरूभाऊ कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन हजर! "आतनं कडी लावली व्हय? मग झालं बाई, घर झालं!" त्या माणसाला इतका आनंद झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. पेढे आम्ही दोघांनीच खाल्ले, कारण अनुसयेला सांगायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहावं की नाही, यात तीन आठवडे गेले.

मला नीटनेटकेपणाचा आजार आहे. तीस वर्षं मुलांची दप्तरं तपासण्यात गेली, ती सवय जात नाही. खोलीची एक जास्तीची किल्ली मी आधीच करून ठेवली होती, बिरूभाऊंना न सांगता. अडीनडीला असावी म्हणून. दिवाळीच्या आधी घर झाडताना वाटलं, बिचारीची खोलीही लख्ख करून द्यावी. ती खानावळीत गेली होती. मी कुलूप उघडलं. चिंध्या, दोऱ्या, चेपलेली ताटली, वाळलेल्या भाकरीचे तुकडे भरलेली पिशवी, आणि कोपऱ्यात ती तीन गाठोडी. उघडूनसुद्धा पाहिली नाहीत मी. घंटागाडी आली, तिच्यात टाकून दिली. फरशी पुसली, नवी चादर घातली, चादरीवर नवं लुगडं ठेवलं. आणि दारात उभी राहून तिची वाट बघू लागले, शाबासकीची वाट बघावी तशी.

ती आली. आत बघितलं. "बाई, माझं?" म्हणाली. मी मोठ्या कौतुकाने म्हणाले, "सगळा कचरा टाकला गं. बघ, किती छान झालं!" ती ओरडली नाही की रडली नाही. कमरेची किल्ली काढून पायरीवर ठेवली आणि निघून गेली. लुगडं तसंच राहिलं. त्या गाठोड्यांत काय होतं ते मला आजही माहीत नाही. घंटागाडी आजही रोज सकाळी येते, तिचं गाणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं की मी खिडक्या लावून घेते.

बिरूभाऊ आले, खोली बघितली. "किल्ली कुठली, बाई?" एवढं एकच विचारलं. मी सांगितलं. ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "तुमी वाईट मनानं न्हाई केलं. ठावं हाय मला." रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर दोन वर्षं ते चहाला येत राहिले, हसत राहिले, चिडवत राहिले. पण माझ्या त्या खोलीसाठी पुन्हा कुणाला आणलं नाही. मी दर वेळी विचारायचे, "सापडली का?" आणि ते कपात बघत म्हणायचे, "बघतोय बाई."

ते गेल्यावर पंधराएक दिवसांनी हौसाक्का आल्या. पदराने घाम पुसत म्हणाल्या, "आवं बाई, अनुसया सांगलीवाडीत हाय. दोन वर्सं झाली. मालकांनी तवाच हुडकून खोली करून दिली हुती."

नदीच्या पुलापलीकडे! माझ्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर.

"तिनंच शपथ घातली हुती, बाईस्नी कळू देऊ नका म्हून. अन् मालक म्हणायचं, बाईंचं काय खरं न्हाई, कळलं की माफी मागायला दारात उभ्या ऱ्हातील. ती परत पळंल."

बिरूभाऊंनी मला पुरतं ओळखलं होतं. त्या क्षणीसुद्धा मी मनात चपला घालत होते.

"मग आता का सांगताय?" मी विचारलं.

"मालक गेल्यापास्नं ती परत उंबऱ्यात झोपाय लागलीया. कुणीतरी आठवड्याला जायाला पायजे. माझं गुडघं चालंनात. तुमच्याकडं गाडी हाय."

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मी स्कूटीवरून त्यांना सांगलीवाडीला नेते. गल्लीच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे, तिथे थांबते. हौसाक्का खांद्याला बिरूभाऊंची खाकी पिशवी अडकवून लंगडत पुढे जातात. चौकटीवर टकटक करतात आणि बाहेर उभ्या राहतात. बिरूभाऊ उभे राहायचे तशाच, एक हात भिंतीला टेकून. पहिल्या दोन गुरुवारी आतून कुणी बोलावलं नाही. त्या पाऊण तास उन्हात उभ्या राहून परत आल्या. तिसऱ्या गुरुवारी त्या आत गेल्या. मी गिरणीच्या आवाजात उभी राहिले. दार मला अर्धंच दिसत होतं.

परत आल्या तेव्हा चेहरा उजळला होता. "च्या केला तिनं. काल कडी लावून झोपली म्हणती." मग गाडीवर बसता बसता म्हणाल्या, "विचारीत हुती, कोण सोडतं तुमास्नी? म्हणलं, माझी भैण सोडती."

"मग?"

"म्हणली, त्यास्नी कशाला उन्हात उभं करता… पुढच्या खेपंला त्यास्नीबी आत घिऊन या."

तिने बोलावलं होतं ते हौसाक्कांच्या बहिणीला, मला नव्हे. गाडी सुरू केली आणि आम्ही पुलाकडे वळलो.