झिजणारी पाटली

नातू परीक्षेसाठी घोकत होता, "मुलामा देताना जी पट्टी झिजते, ती धनाग्र." ऐकलं आणि नाकात तेजाबाचा वास शिरला.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. मी नवी सून म्हणून वाशीमला आले होते. नणंदेच्या लग्नासाठी पितळेचे दागिने केले होते. त्यांवर सोन्याचा मुलामा द्यायला सासूनं माझ्या आईची सोन्याची पाटली मागितली.

"पान्यात टांगाचीच तं हाये. कोनी खाते काय?"

मुलामेवाले चाचा बॅटरीच्या दोन तारा हातात धरून म्हणाले, "बाई, या तारेवरचं झिजते, त्या तारेवरचं चमकते. सोच लो."

"तुमी तुमचं काम करा," सासू म्हणाली. तिला सगळं कळत होतं.

संध्याकाळी पाटली परत आली, पण तिच्यावरची आईच्या आवडीची वेलबुट्टी पार गेली होती. मांडवात नणंद झळकत फिरली. पोरीला भरपूर घातलं म्हणून बाया सासूचं कौतुक करत होत्या, आणि मी चुलीपुढे पुऱ्या तळत होते.

नातू आता आकृती काढायला बसला. मी हातातली पाटली उतरवून त्याच्या वहीवर आपटली.

"चित्र कायले काढून राह्यला? हे ठेव. अन् खाली, कोनं झिजवली म्हून, माह्या सासूचं नाव लिही."