शिध्यातला गूळ

वाण्याच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. हातात आमच्या महिला मंडळाने दिलेलं किराण्याचं कूपन. तांदूळ-डाळ घेऊन झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "श्रीखंडाचा एक डबा द्या."

वाण्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, कूपनावर चालेल?"

मदतीच्या पैशांत चैन कशाला, असं मनात आलं आणि मी मानेनेच नाही म्हटलं. बाईंनी त्याऐवजी आणखी डाळ घेतली.

मग मी देवळात द्यायच्या शिध्याचं सामान सांगितलं. "तांदूळ, डाळ, तूप आणि गूळ. गोडाशिवाय शिधा कसा द्यायचा?"

बोलले आणि जीभ चावली. देवाला गोड लागतं हे मला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. माणसाची भूक मात्र मी नुसत्या डाळीवर भागवायला निघाले होते.

पिशवी आवरता आवरता त्या बाई म्हणाल्या, "ताई, गूळ चांगला बघून घ्या. देवाला जायचाय."