मेंढराचे दात आणि पिकअपचा रॉड

कळमनुरीचा बाजार गाठायच्या घाईत मी पिकअप दामटायचो. वळण आलं की मागची मेंढरं एका अंगाला रेटली जायची आणि गाडी कलायची. ते थांबवायला मागच्या चाकांमध्ये आडवा रॉड बसवतात, स्टॅबिलायझर. नवा परवडेना, म्हणून मिस्त्रीनं भंगारातून एक जुना आणला.

मेंढरू घेताना वय कळायला आधी दात बघायची आमची रीत. रॉडला कुठले दात? मी दगडानं त्याचा ताजा काळा रंग खरवडला. खाली हा एवढा खोल ओरखडा.

“कुठल्या गाडीचा हाय ह्यो?”

“उलटलेल्या पिकअपचा,” मिस्त्री म्हणाला.

“रॉड होता, तर मग उलटली काहून?”

“रॉडची काय गलती? चालवणारा वळणावरबी दामटून राहिला होता.”

मला काही पटलं नाही. रॉड बसल्यावर मी म्हणालो, “एवढा भरवसा हाय ना? मग बस मागं मेंढरांत, पुढच्या वळणापर्यंत.”

तो वर चढला. मी स्टिअरिंगवर बसून चावी फिरवली आणि आरशात पाहिलं, तर गडी खाली उतरत होता.

“काय झालं रे?”

“मला वाटलं, दुसरं कुणीतरी चालवणार हाय.”