साध्य झालेली खोली

बैठकीत कुणी 'ध्येय' हा शब्द उच्चारला की बाईंचा हात वर जायचा. प्रश्न विचारायला आपण बोट वर करतो तसा नाही. फाट्यावर उभं राहून एसटी थांबवतात तसा, तळवा पुढे करून. "थांबा साहेब. ह्ये ध्येय ऱ्हातं कुठं?" बोलणारा गडबडायचा. मग बाई समजावून सांगायच्या, की कोणत्या गावात, कोणत्या गल्लीत, कुणाच्या दारात ते दिसणार ते सांगा, म्हणजे आम्हाला जाऊन बघता येईल. तोवर चहा थंड व्हायचा आणि माझं डोकं तापायचं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं म्हणणं खोटं नसतं, पण ते ऐकायला कुणाकडेच वेळ नसतो.

मी लातूरला जिल्ह्याच्या नियोजनाच्या कामावर होतो आणि बाई शिरूर अनंतपाळकडे विस्तार अधिकारी होत्या. शाश्वत विकासाची ध्येयं साऱ्या जगानं मिळून ठरवली, दिल्लीनं ती धोरणात घेतली आणि मुंबईमार्गे ती आमच्या टेबलावर येऊन पडली. प्रत्येक गावाच्या विकास आराखड्यात ती बसवायची. गावानं एखादं ध्येय गाठलं की पोर्टलवर 'साध्य' म्हणून नोंद करायची, मग त्या गावाचा लाल चौकोन हिरवा होतो. हिरवे चौकोन जास्त, तर जिल्ह्याचा क्रमांक वर. आमच्या वरिष्ठांना हा हिरवा रंग फार प्रिय होता, त्यामुळे मलाही.

औशाच्या प्रशिक्षणात पुण्याचे एक तज्ज्ञ स्वच्छ ऊर्जेवर बोलत होते. बाईंचा हात वर गेला. ध्येय कुठं राहतं, या प्रश्नावर ते बिचारे म्हणाले, ते तर सगळीकडेच आहे. "मंग आमच्याकडं यायला यवढा उशीर का झाला?" सभागृह हसलं. मी हसलो नाही, कारण अजून तीन विषय उरले होते. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी त्याच तज्ज्ञांना आपल्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा आग्रह करकरून वाढला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यावर स्वतः उठून दही आणून दिलं.

पण याच बाईंनी एकदा घाई केली. त्यांच्याकडच्या एका गावात अंगणवाडीला खोली नव्हती. लेकरं समाजमंदिराच्या उघड्या ओट्यावर बसायची. बाईंनी खेटे घालून खोली मंजूर करून घेतली. तेवढ्यात मार्चअखेर आली. निधी परत जाणार म्हणून ठेकेदारानं खोदताना खालचा कठीण मुरूम लागायच्या आधीच पाया भरला. काळ्या मातीत असा पाया टिकत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि बाई तर शेतकऱ्याच्या घरच्या. पण नवा रंग, भिंतीवर काढलेला हत्ती आणि त्याच्यापुढे रांगेत बसलेली पोरं पाहून त्यांना भरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे मोबाइलवरून 'बालस्नेही गाव' हे ध्येय साध्य करून टाकलं. मला पेढे पाठवले. मीही ते खाल्ले.

पोळ्यापर्यंत माती फुगली आणि हत्तीच्या पोटातून भिंत अशी तडकली की हात आत जावा. खोलीला कुलूप लागलं, लेकरं पुन्हा ओट्यावर आली. दुरुस्तीचा प्रस्ताव वरून परत आला: ध्येय साध्य झालेलं असल्यानं निधी देता येत नाही. बाईंनी हिरवं पुन्हा लाल करायची सोय शोधली. तशी सोयच नव्हती. धोरण लिहिणाऱ्यांच्या हिशेबात ध्येयं फक्त गाठली जात होती, मोडत नव्हती.

मग दर सोमवारी फोन. साहेब, लाल करा. मी सांगायचो, ते माझ्या हातात नाही. शेवटी मी तोडगा काढला. तीच दुरुस्ती पुढच्या आराखड्यात 'स्वच्छ आणि हरित गाव' खाली घाला, भिंतीलगत चार झाडं दाखवा, निधी येईल. आमच्याकडे कामं अशीच होतात. बाई ऐकेनात.

"तडकलेली भिंत झाडामागं लपवू का? म्या हिरवं केलं, ते मलाच पुसायचं हाय."

आता याला काय म्हणावं? लेकरं ओट्यावर भिजत होती आणि यांना स्वतःची चूक पुसायची होती. त्या दिवशी मी फोन आपटला. मला त्यांचा खरोखर राग आला होता आणि तो आजही पुरता गेलेला नाही.

त्याच हिवाळ्यात नांदेडला दिल्लीचं पथक आलं, धोरणात काय सुधारायचं ते ऐकायला. ऐकायला म्हणजे काय, ते आम्हाला माहीत होतं. आज हात वर करायचा नाही, असं मी बाईंना गाडीतच बजावलं. त्यांनी मान हलवली. बैठक संपत आली, सगळे खुर्च्या मागे सारू लागले, आणि हात वर गेला.

"साब, ये ध्येय बिगड़ गया तो किसको बोलना?"

पथकाच्या प्रमुखांना प्रश्न कळला नाही. बाईंनी आपल्या हिंदीत हत्तीच्या पोटापासून ओट्यापर्यंत सगळं सांगितलं. प्रमुख आधी हसले, मग त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. परतताना अहमदपूर येईपर्यंत वरिष्ठ मला झापत होते. बाई मागच्या सीटवर शांत झोपल्या होत्या.

उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या आणि उदगीरला मुलाकडे गेल्या. खोली तशीच बंद होती. शाल-श्रीफळ घेताना त्यांनी भाषण केलं नाही. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, की तेवढं बघा.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी वरून परिपत्रक आलं. गाठलेलं ध्येय मोडलं तर ग्रामसभेच्या ठरावानं तशी नोंद करता येईल आणि कामाला पुन्हा निधीही मिळेल. हे बाईंमुळे झालं असं मी म्हणणार नाही. असं डोकं खाणारी माणसं देशभर असणार. गावानं ठराव दिला, मी चौकोन लाल केला, जिल्ह्याचा क्रमांक घसरला आणि माझी पुन्हा खरडपट्टी झाली. पाया नव्यानं खोदायला लागल्यावर मी उदगीरला फोन लावला.

"मुरूम लागला का?" बाईंनी पहिलं हेच विचारलं.

लागला म्हणालो. पलीकडे त्या पदरानं नाक पुसत असाव्यात. मलाही बरं वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी विचारलं, जिल्ह्यात आणखी किती गावांनी लाल केलं?

एकाही नाही, मी म्हणालो.

"म्हंजे बाकीकडं समद्या भिंती चांगल्या हायत म्हणा."

माझ्यापुढे पडद्यावर सगळा जिल्हा उघडा होता, एक गाव सोडून हिरवागार. बाईंनी फोन ठेवला नाही.