डेल्फाचं एकशेतिसावं पान

डेल्फा साइझमोर एकोणपन्नासाव्या वर्षी आमच्या कॉलेजात श्वसनोपचाराचा कोर्स करायला आली, तेव्हा वर्गातली पोरं तिला तोंडावरच ‘आजी’ म्हणायची. ती नुसती हसायची. मी तिथल्या ग्रंथालयात होते. खिडकीजवळचं टेबल तिचं ठरलेलं. डब्यात मक्याची भाकरी आणि उकडलेला घेवडा. जेवायची एकटीच.

तिचा नवरा होबार्ट सव्वीस वर्षं कोळशाच्या खाणीत होता. कोळशाच्या धुळीने फुफ्फुसं गेली आणि आयुष्याची शेवटची चार वर्षं ऑक्सिजनच्या यंत्राला बांधलेला. ते यंत्र, नळ्या, मास्क, सगळं तीच बघायची. तो गेल्यावर यंत्र भाड्याने देणाऱ्या कंपनीची माणसं यंत्र घेऊन गेली. घर इतकं गप्प झालं की तिला झोप येईना.

बहीण रूबी टेनेसीहून फोन करायची. “अगं, या वयात कसल्या परीक्षा देतेस? माझ्याकडे ये की राहायला.”

“तिथे येऊन काय करू? तुझी मांजरं सांभाळू?”

कोर्स तिने चांगला पार पाडला. परवान्यासाठीची मोठी परीक्षा तेवढी राहिली होती. एकशे साठ प्रश्न, तीन तास. तिची तयारी जोरात चालली होती आणि अचानक ती ग्रंथालयात यायचीच थांबली. तीन आठवड्यांनी परीक्षा दिली आणि तीन गुणांनी नापास झाली.

त्यानंतर एका दुपारी ती आली. पुस्तक माझ्यापुढे उघडं ठेवलं. पान एकशेतीस. “इथे येऊन थांबले होते. हे वाच,” म्हणाली.

लिहिलं होतं, की फुफ्फुसं फार वर्षं खराब असलेल्या माणसाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून जिवाला धोका होऊ शकतो.

“शेवटच्या दिवशी होबार्ट म्हणाला, वाढव. मी यंत्राचा काटा दोनावरून चारावर नेला. संध्याकाळी तो गेला.” ती खिडकीबाहेर बघत होती. “परीक्षेत यावरचे प्रश्न आले. मी नीट वाचलेसुद्धा नाहीत. पुढे गेले.”

मी तिला तिचा कोर्स शिकवणाऱ्या फ्यूगेट सरांकडे घेऊन गेले. ते तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पण हॉस्पिटलात आयुष्य घासलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“डेल्फाताई, शेवटी त्याच्या ओठांचा रंग कसा होता?”

“निळा. नखंही.”

“मग त्याला ऑक्सिजन कमीच पडत होता. तुम्ही वाढवला नसता, तर तो गुदमरत गेला असता. काटा चारावर नेल्यामुळे काहीच झालं नसेल, अशी शपथ मी घेणार नाही. पण त्याला खाणीने मारलं. तुम्ही नाही.”

ती रडली नाही. “पुढचा धडा कुठला घेऊ?” एवढंच विचारलं.

त्यांनी त्याच धड्यापासून सुरुवात केली. दोन महिने रोज एक तास. रक्तातल्या वायूंचे आकडे ती भाजी निवडावी तसे वेगळे करायला शिकली.

लेक्सिंग्टन शहरात जाऊन तिने दुसऱ्यांदा परीक्षा दिली. निकाल तिथेच हातात मिळाला. पास, तोही वरच्या श्रेणीत. गाडीत बसून तिने रूबीला फोन लावला. उचलला नाही. मला लावला, तर मी दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेले.

वाटेत एका ढाब्यासारख्या हॉटेलात थांबून तिने ॲपल पाय मागवला. वाढणाऱ्या बाईला म्हणाली, “आज मी परीक्षा पास झाले.”

“अरे वा! कॉफी आणखी देऊ का?”

“दे,” डेल्फा म्हणाली, आणि ॲपल पाय सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.