साडेतीन घरांचं आडनाव

मुक्कामे आत्या अर्ध्या नावाला कधी उठल्या नाहीत. बँकेत, दवाखान्यात, विजेच्या बिलाच्या खिडकीपाशी कुणी ‘यम्. सुशीला’ असा पुकारा केला, की त्या मांडीवरची पिशवी घट्ट धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसायच्या. दुसरी हाक आली तरी ढिम्म. तिसऱ्यांदा आतला माणूस वैतागून काचेवर टकटक करायचा, तेव्हा बसल्या जागेवरून म्हणायच्या, “पूरा नाम लेओ बेटा. आधे नाम पे मैं नहीं उठती.” मागची रांग तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, आणि बरोबर गेलेल्या मला कुठे तोंड लपवू असं व्हायचं.

आमच्या हैदराबादेत आडनाव नावाच्या पुढे लागतं आणि तेही एका अक्षरापुरतं. तेलुगू माणसांची ही जुनी रीत. आम्ही मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून त्या रीतीत केव्हा जाऊन बसलो ते आम्हालाही कळलं नाही. शाळेच्या दाखल्यावर मीसुद्धा जे. वसुधाच होते, आणि माझं त्यावाचून काही अडलं नाही. पण इंग्रजी ‘एम’ला इथे ‘यम्’ म्हणतात, तिथे आत्यांचं डोकं फिरायचं. “अगं, चांगलं घसघशीत आडनाव माझं,” त्या म्हणायच्या, “ते काढून घेतलं आणि त्या जागी यम आणून बसवला! मेले, जिवंतपणीच?”

तारनाक्याला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांच्या भावाचं, अण्णांचं घर. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आत्यांच्या. सुलतान बाजारातल्या एका मराठी शाळेत त्या मराठी शिकवायच्या. मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि त्यांच्याच हातची छडी खाल्ली. नाक सरळ, लांब, आधी नाक वर्गात यायचं आणि मागून बाई. तेलुगूत मुक्कु म्हणजे नाक, त्यामुळे शेजारच्या तेलुगू वर्गातल्या पोरांनी त्यांचं नाव मुक्कु टीचर ठेवलं होतं. आत्यांना ते ठाऊक होतं. “नाकाला नाव ठेवा, नावाला नको,” एवढंच म्हणायच्या.

हजेरी घ्यायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. इतर बाई आकडे पुकारायच्या. आत्या पुरं नाव घ्यायच्या, बापासकट, आडनावासकट. “वसुधा श्रीधर जोशी!” आणि त्यावर ‘यस टीचर’ चालायचं नाही, ‘हजर’सुद्धा चालायचं नाही. उठून उभं राहायचं आणि ‘हाजिर’ म्हणायचं. का, ते त्या दर वर्षी शाळा सुरू झाली की सांगायच्या.

आत्यांचे पणजोबा नारायणराव उदगीरकडचे. निजामाचं राज्य होतं, शेताचा खटला हैदराबादच्या कोर्टात लागला होता. अर्ज उर्दूत. कारकुनाने विचारलं, नाव? बापाचं नाव? मुक्काम? हे सांगत गेले, तो लिहीत गेला: ‘नारायण वल्द गोविंद मुक्काम’. पुढे गावाचं नाव लिहायचं, तेवढ्यात त्याला जेवायची घाई झाली असावी. ते राहिलंच. तारखेच्या दिवशी पट्टेवाल्याने पुकारा केला, ‘नारायण गोविंद मुक्काम हाजिर है?’ पणजोबा तिथेच खांबाला टेकून बसलेले. हा मुक्काम कोण बुवा, म्हणून तेही बाकीच्यांबरोबर इकडेतिकडे बघत राहिले. झालं! गैरहजर ठरले आणि शेत भाऊबंदांनी घेतलं. मग वर अपील केलं. त्या तारखेला पुकाऱ्याचा पहिला शब्द निघतो न निघतो तोच पणजोबा असे ‘हाजिर!’ म्हणून ओरडले की जज्जसाहेबाच्या हातातली पानाची पट्टी खाली पडली. शेत परत मिळालं. पण निकाल मुक्काम नावाच्या माणसाच्या बाजूने. शेत ठेवायचं तर आडनावही ठेवणं आलं. मुक्कामचे मुक्कामे झाले. त्याआधीचं आडनाव काय होतं, हे आता कुणालाही ठाऊक नाही.

“अख्ख्या मुलखात हे आडनाव फक्त आमचं,” असं सांगताना त्यांचा आवाज चढायचा. “घरं किती? साडेतीन. एक इथलं अण्णाचं, एक उदगीरला चुलत्याचं, एक निजामाबादला. आणि अर्धं माझं.” अर्धं का, ते वर्गात विचारायची सोय नव्हती. ते मला पुढे आईकडून कळलं. आत्यांचं लग्न लातूरकडे झालं होतं. सात-आठ महिन्यांत त्या परत आल्या, अंगावर नको तिथे वळ घेऊन, आणि आल्या दिवशीच सासरचं आडनाव दारातल्या चपलांपाशी सोडून वर गेल्या. त्यानंतर ते नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. माहेरचं आडनाव त्यांनी पुन्हा लावलं, पण लेकीचं घर मोजत नाहीत म्हणून स्वतःच अर्धं धरलं. इतरांनी धरलं असतं तर डोळे वटारले असते.

मला मात्र त्या आडनावावरून चिडवायला फार आवडायचं. त्यांनाही चिडायला आवडत असावं. “तुला काय कळणार,” त्या म्हणायच्या. “तू जोशी. जोशी कमी पडले म्हणून कधी कुणी रडलंय?” माझं लग्न तारनाक्यातल्याच देशपांड्यांकडे ठरलं तेव्हा पेढा तोंडात घालून म्हणाल्या, “एका ढिगातून उठून दुसऱ्या ढिगात चाललीस. सुखी राहा.”

नामपल्ली स्टेशनवर कुणाला पोचवायला जायचं असलं की आत्या आधी तयार. पूर्वी गाडीच्या डब्यावर आरक्षणाचे कागद चिकटवलेले असायचे. आत्या पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत प्रत्येक कागदावर बोट फिरवत जायच्या. ज्याला पोचवायला गेलो तो खिडकीतून हात हलवतोय आणि या तिकडे परक्यांची नावं वाचताहेत! एकदा खरंच सापडलं. इंग्रजीत छापलेलं ‘मुक्काम’, पुढची अक्षरं कागदाच्या कडेला कापली गेलेली. आत्या पदर खोचून डब्यात चढल्या. मी मागून ओरडतेय, आत्या, शिट्टी होईल! बर्थवर एक वयस्कर तेलुगू गृहस्थ डबा उघडून दहीभात खात होते. त्यांचं आडनाव मुक्कामला. आत्यांचा चेहरा असा उतरला की त्या बिचाऱ्याला घास गिळवेना. सगळी हकीकत ऐकून तो म्हणाला, “एकच ‘ला’ ज्यादा है अम्मा. चलता तो रख लेओ.” आत्या हसल्या. गाडी गेल्यावर बाकावर बसून बराच वेळ डोळे पुसत होत्या, आणि धूळ गेली म्हणत होत्या. धूळबीळ काही नव्हती.

पुढे घरं मोडत गेली. उदगीरच्या चुलत्यांना तीन मुली, तिघींची लग्नं झाली, चुलते गेले, घर संपलं. निजामाबादच्या भावाच्या पोरांना शाळेत ‘मुक्काम पोस्ट, मुक्काम पोस्ट’ म्हणून चिडवायचे. मोठ्याच्या लग्नाच्या वेळी पाहुणे म्हणाले, हे कुठलं आडनाव, कधी ऐकलं नाही. मग अख्ख्या घराने सरळ कुलकर्णी लावलं. आत्या त्या लग्नाला गेल्या नाहीत. “कुलकर्ण्यांच्या लग्नाला मी कोण?” म्हणाल्या.

राहिला अण्णांचा शिरीष. तो इथल्या रीतीप्रमाणे जन्मभर यम्. शिरीष. पासपोर्टवर यम्‌चं काय करायचं ते कुणाला कळेना, म्हणून शेवटचं नाव या जागी शिरीषच टाकलं. अमेरिकेत गेल्यावर तेच त्याचं आडनाव झालं, आणि मुलगा झाला तेव्हा तो झाला नील शिरीष. फोनवर ते ऐकलं तेव्हा आत्या माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. “बापाचं नाव लावलं होय? बरं केलं,” त्या शिरीषला म्हणाल्या. “आणि बापाचा बाप कुठे गेला रे?” तिकडून तो काहीतरी समजावत होता. चांगला मुलगा आहे, दर रविवारी न चुकता फोन करायचा. पण आत्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि मेथीची निवडलेली पानं देठांत मिसळून टाकली. अण्णा तोवर गेलेले होते. “वसू, आता अर्धंच उरलं गं,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा मेथी निवडायला घेतली.

असंच एकदा मी त्यांना म्हटलं होतं, “आत्या, तुमच्या पणजोबांनी चुकीच्या नावाला हाजिर म्हटलं म्हणून तर तुम्ही मुक्कामे. मग तुम्ही यम्‌ला हाजिर म्हणा की. नवीन आडनाव होईल!” मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. “त्यांनी म्हटलं ते शेतासाठी,” त्या म्हणाल्या. “मी कशासाठी म्हणू? दुसऱ्याच्या नावाला हाजिर म्हणून पाहिलं होतं मी. सात-आठ महिने. पुरे झालं.”

शेवटच्या आजारात त्या फार वाळल्या. नाक तेवढं राहिलं. दवाखान्यात टोकनची हाक यायची, ‘यम्. सुशीला!’ आणि या खुर्चीत कण्हत बसलेल्या असूनही हलायच्या नाहीत. एकदा त्यापायी नंबर गेला. मी भडकले. “आत्या, इथे जीव चाललाय आणि तुम्हाला आडनाव सुचतंय? उठा आधी!” त्यांनी माझा हात धरला. हाताला आता काही वजनच नव्हतं. “जीव जाणारच आहे गं,” म्हणाल्या. “त्याला मी अडवत नाहीये. पण माझ्याबरोबर हेही जाणार. निदान शेवटचं तरी कुणी पुरं नाव घ्यावं. तू घ्यायला लाव. लावशील?” मी हो म्हटलं. तिथली एक तेलुगू नर्स, कोवळी पोर, हे सगळं बघत होती. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः बाहेर येऊन म्हणायची, “मुक्कामे अम्मा, रंडी.” तेलुगूत त्याचा अर्थ ‘या’. आत्या लगेच उठायच्या. तिला एक दिवस त्यांनी मला डिंकाचा लाडू द्यायला लावला.

पहाटे गेल्या. मी आणि आमचे हे, दोघंच होतो. शिरीषला विमान मिळेना. तो तिकडून फोनवर रडत होता आणि तिकडूनच स्मशानातली नोंद, गाडी, सगळी व्यवस्था करत होता. माणसाने आणखी काय करावं! दुपारी आत्यांना विद्युतदाहिनीत नेलं. गुरुजींनी मंत्रात नाव घेतलं, गोत्र घेतलं. आडनाव मंत्रात नसतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अस्थी आणायला गेलो. बाहेरच्या सिमेंटच्या बाकांवर पाच-सहा घरची माणसं बसलेली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आतून एक माणूस लाल फडकं बांधलेलं मडकं घेऊन यायचा, त्याला अडकवलेली चिठ्ठी वाचून नाव पुकारायचा, आणि ज्याचं माणूस तो उठायचा. असे दोघं-तिघं उठून गेले. मग तो आला आणि म्हणाला, “यम्. सुशीला!”

हे उठायला लागले. मी शर्ट धरून त्यांना खाली बसवलं.

“यम्. सुशीला! कौन है?”

“अगं, आपलंच आहे,” हे हळूच म्हणाले. मला ठाऊक होतं आपलंच आहे. पिशवी मांडीवर होती, ती मी घट्ट धरली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसले. तो माणूस मडकं दोन्ही हातांत धरून उभा. तिसऱ्यांदा त्याने पुकारा केला तेव्हा माझा आवाज निघाला, पण तो माझा नव्हताच.

“पूरा नाम लेओ बेटा.”

“यहीच लिखा है अम्मा.”

“आधा लिखा है. सुशीला गोविंद मुक्कामे.” पणजोबांच्या बापाचंच नाव अण्णांच्या आणि आत्यांच्या वडिलांना दिलेलं होतं.

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे, रोज किती रडती माणसं बघत असेल तो. पण त्याने मान हलवली, चिठ्ठीवरची नजर काढली, सरळ उभा राहिला आणि कोर्टातल्या पट्टेवाल्यासारखा सगळ्या आवारात ऐकू जाईल असा ओरडला, “सुशीला गोविंद मुक्कामे!”

बाकांवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. त्या नावाचं आता तिथे कुणी नव्हतं. कुठेच नव्हतं.

“हाजिर,” मी म्हटलं, आणि उठले.