कुणाचे टाके कुठे गेले

थोरलीला आयुष्यात सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच. "म्हणजे तुम्ही नेमकं काय शिवलंत?" याचं धड उत्तर तिला कधीच देता आलं नाही, कारण शिवताना तिलाही कुणी धड सांगितलं नव्हतं.

ती आणि तिची धाकटी जाऊ, दोघी तेव्हा तंबू-ताडपत्र्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायच्या. एके दिवशी दोघींना तिथून उचललं आणि एका पांढऱ्याफटक खोलीत आणून बसवलं. हातात मोजे, डोक्यावर टोपी, तोंडाला फडकं. समोर टेबलावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, चांदीसारखं चकचकीत प्लॅस्टिक. त्याचे थरावर थर लावायचे, प्रत्येक थराच्या मध्ये जाळी घालायची आणि कडा हाताने शिवायच्या. देखरेखीला एक उंच साहेब. त्यांच्या खिशात कायम मोजपट्टी, म्हणून पहिल्याच दिवशी धाकटीने त्यांचं बारसं केलं: मोजपट्टीसाहेब.

"बायांनो, इथे बोलायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही," साहेब नाकातून म्हणाले.

"आणि शिंक आलीच तर?" धाकटीने विचारलं.

"तर आधी सांगायचं."

"कुणाला, शिंकेला?"

थोरलीने टेबलाखालून तिला लाथ मारली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "साहेब, हे पांघरूण कुणाला घालायचंय?"

"यानाला. माणूस नाही त्यात. नुसतं यंत्र. ते एकटंच ग्रहाजवळून जाणार, फोटो काढणार आणि पुढे निघून जाणार."

"म्हणजे त्याला थंडी वाजते?"

"एका अंगाला गारठतं, दुसऱ्या अंगाला भाजतं."

"एकाच वेळी?"

"एकाच वेळी."

"मग परत कधी येणार?"

"येणार नाही."

त्या दिवसापासून थोरलीच्या डोक्यात जो गुंता झाला, तो काही सुटला नाही. परत येणार नाही त्याला इतकं नीटनेटकं कशाला शिवायचं? पण शिवलं तिने जीव ओतून. थोरली डावखुरी. तिचे टाके जगाच्या उलट बाजूला कलायचे आणि शेवटची गाठ ती दोन वळसे देऊन घडीच्या आत दडवायची. धाकटी उजव्या हाताची, वेगाने शिवणारी, गप्पा मारत शिवणारी. तोंडाला फडकं बांधलं तर भुवयांनी गप्पा मारायची.

यानं दोन होती, अगदी जुळी. त्या काळात अशी यंत्रं वाटेतच गप्प व्हायची, काही तर आकाशात चढण्याआधीच कोसळायची, म्हणून एक बिघडलं तर दुसरं हाताशी हवं. एक नंबरचं पांघरूण थोरलीने शिवलं, दोन नंबरचं धाकटीने. एक नंबर गेलं. दोन नंबर राहिलं.

झालं! गेलेल्या यानाने फोटो धाडले आणि थोरलीचं नशीब पालटलं. तसे फोटो म्हणजे भिंतीला ओल आल्यासारखे करडे डाग. पण पेपरात छापून आले आणि घरात एकच गलका. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "आमच्या थोरल्या सुनेने शिवलंय हो ते!" धाकटी आतून ट्रे घेऊन यायची आणि गोड आवाजात म्हणायची, "मी पण शिवलंय हं. माझं कपाटात आहे." पाहुणे हसायचे. हसून झालं की पुन्हा थोरलीकडे वळायचे.

यानाचा आवाज पुढे बारीक होत होत बंद पडला. बोलणं थांबलं, चालणं नाही, असं साहेबांनी समजावलं होतं. थोरलीचा रुबाबही तसाच चालू राहिला. दोघींचे नवरे गेले, पोरं पांगली, दोघी वरखाली राहू लागल्या, तरी धाकटी जिन्यातून हाक मारताना सुराला खोचक हेल द्यायचीच, "अहो सूर्यापलीकडच्या जाऊबाई, खाली दूध आलंय!"

आणि मग संग्रहालयातून फोन आला. बोलणारी मुलगी कमालीची उत्साही, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ना' लावणारी. "आजी, आमच्याकडे ते राहिलेलं यान टांगलंय ना, त्याचं पांघरूण एका कडेला उसवलंय ना, ते येऊन बघाल ना. आणि खाली पाटी लावायचीय ना, गेलेल्या यानाचं पांघरूण कुणी शिवलं त्याची. तुमचंच नाव ना?"

"माझंच ना," थोरली म्हणाली आणि तिला स्वतःचंच हसू आलं.

यान खाली उतरवून लाकडी घोडीवर ठेवलं होतं. थोरलीने चष्मा चढवला, मोजे घातले, उसवलेली कड उलटली आणि थबकली. टाके उलट्या बाजूला कललेले. आपण चुकीच्या बाजूने बघतोय, असं वाटून ती फिरून पलीकडे गेली. तिथूनही तेच. तिने मान वाकडी केली. मग घडीत बोट घालून गाठ चाचपली. दोन वळसे. आत दडवलेली.

"आजी, बरं वाटत नाही का?" मुलीने विचारलं.

"हे यान दोन नंबरचं ना?"

"हो ना."

"मग माझे टाके इथे काय करतायत?"

मुलगी यानाकडे, थोरलीकडे, पुन्हा यानाकडे बघत राहिली. गोंधळात ती 'ना' लावायचंही विसरली. "पाटी छापायला द्यायचीय," ती हळूच म्हणाली. "काय ते विचारून मला फोन कराल?"

विचारणार कुणाला? थोरली तडक मोजपट्टीसाहेबांच्या घरी गेली. साहेब आता वाकले होते, आवाज मात्र अजून नाकातूनच यायचा. त्यांच्या बायकोने दोन कप चहा ठेवला आणि ती आत गेली. थोरलीने सगळं सांगितलं.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "हा कप म्हणजे एक नंबर. हा दोन नंबर. ही बशी तुमचं पांघरूण, ही धाकटीचं." त्यांनी दोन्ही कपांवर बशा पालथ्या घातल्या. "आता बघा. निघायच्या आदल्या आठवड्यात एक नंबरचा रेडिओ बंद पडला. मग दोनमधला काढून एकात घालायचा ठरला. त्यासाठी दोन्ही बशा काढल्या."

"काढल्या."

"तेवढ्यात वरचे म्हणाले, रेडिओ कशाला हलवता? दोनलाच एक म्हणा. म्हणून नंबर बदलले. आता हा एक, हा दोन." साहेबांनी कपांची अदलाबदल केली.

"साहेब, तुम्ही कप हलवलेत. नंबर बदलले म्हणालात ना?"

"हो, बरोबर." त्यांनी कप पुन्हा जागेवर ठेवले. "आणि बशा ज्याच्या त्याला घातल्या."

"ज्याच्या म्हणजे? जुन्या नंबराप्रमाणे की नव्या?"

साहेब हातात बशी धरून थांबले. "नव्या... नाही. एक बशी बसेना म्हणून आम्ही... की दोन्ही बसत होत्या?"

आतून बायको आली. "अहो, चहात साखर हवीय का?"

साहेबांनी एका कपातला घोट घेतला. "हा गोड आहे. म्हणजे हा जुना दोन."

"साखर मी कशातच घातलेली नाही," बायको म्हणाली.

थोरली जायला उठली तेव्हा साहेब दारापर्यंत आले आणि एवढंच म्हणाले, "एक मात्र खरं, बाई. एक तुमचं होतं, एक तिचं. तुमचं इथे सापडलं असेल, तर मग तिचं गेलं."

घरापर्यंतच्या रस्त्यात थोरली दोनदा भलत्याच वळणावर वळली. इतकी वर्षं आभाळाकडे बघून जे 'माझं' म्हटलं, ते माझं नाहीच? मग मी कोण? कपाटवाली? आणि तिला सांगायचं कसं? सांगितलं तर ती जन्मभर नाचवेल. न सांगितलं तर पाटीवर आपलं नाव लागेल, आणि तिथे जाऊन ते वाचायचं धाडस आपल्याला होईल का? जिना चढताना तिचे पाय धाकटीच्या दारातच थांबले.

धाकटी रेडिओ पुसत बसली होती. थोरलीने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "अगं, ते तुझं गेलंय. माझं इथेच होतं."

धाकटीने फडकं खाली ठेवलं. "काय गेलंय?"

"पांघरूण. वर. तुझं."

"माझं?" धाकटी हसली, मग थांबली, मग पुन्हा हसली. "म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्यावर जळले ते उगाच? माझ्याच पांघरुणावर जळत होते मी?" ती उठून उभी राहिली. थोरलीने मनाची तयारी केली. आता हिणवेल, आता सूर लावेल. पण धाकटीचा चेहरा एकदम उतरला. "अगं बाई! तो कोपरा!"

"कुठला कोपरा?"

"खालचा, डावीकडचा. त्या दिवशी सुट्टीची घंटा झाली होती आणि मी शेवटचे टाके सैलच सोडले. म्हटलं, आपलं कुठे जायचंय! तुमचं जाणार आहे, आपलं कपाटात!" तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आणि ते गेलं? तसंच?"

"अगं, फोटो आले की नीट."

"फोटो आले ते आधी. नंतर उसवलं असेल तर?"

"नंतर बघायला कोण गेलंय तिथे?"

"तेच तर म्हणतेय मी! कुणी बघणारसुद्धा नाही, आणि ते तिथे फडफडतंय!"

"वारा नाही तिथे, फडफडेल कसं?"

"तुम्हाला काय माहीत? तुमचं तर खाली होतं."

हे थोरलीला चांगलंच लागलं, आणि त्याच क्षणी हसूही फुटलं. दोन्ही एकदम आल्यामुळे तिचा विचित्रच आवाज निघाला. तिने धाकटीला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगत राहिली की थरावर थर आहेत, एक कोपरा गेला तर काही यान मरत नाही. धाकटी ऐकत होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, "खरंच ना? नक्की ना?"

मग थोरलीने तिथूनच संग्रहालयात फोन लावला आणि धाकटीलाही ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

"ठरलं ना आजी?" मुलीने विचारलं. "पाटीवर कुणाचं नाव घालू?"

थोरली बोटाने समोर दाखवत म्हणाली, "हिचं."

"मुळीच नाही, यांचंच राहू दे!" धाकटी खुर्चीतून ओरडली आणि तिनेही बोट दाखवलं.

"हिचंच!"

"यांचं!"

फोनमधून मुलगी म्हणाली, "हॅलो? मला इथून दिसत नाहीये ना!"